वाचकांचे प्रश्न: फाइल कार्डवर आहे, रेकॉर्डर मात्र वाजवत नाही

हातात धरायच्या डिजिटल रेकॉर्डरबद्दलची बरीच पत्रे साठली होती, म्हणून या वेळी सगळी जागा त्यांनाच दिली आहे. तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी मूळ बहुतेक ठिकाणी एकच आहे. रेकॉर्डर हा मोबाइल नव्हे. मोबाइल समोर येईल ती फाइल वाजवायचा प्रयत्न करतो. रेकॉर्डर सहसा तेवढेच वाजवतो, जे तो स्वतः ध्वनिमुद्रित करू शकतो.

प्रश्न : गाण्याच्या वर्गासाठी टास्कॅम डीआर-०५ घेतला. संगणकातल्या तीसेक फाइली कार्डवर टाकल्या. काही दिसतच नाहीत, काही दिसतात पण वाजत नाहीत, आणि चार-पाच अगदी सुरळीत वाजतात. सगळ्यांच्या नावाला एमपीथ्री किंवा वेव्ह हेच शेपूट आहे. मग हा भेदभाव का?
— संगीत शिक्षिका, सातारा

उत्तर : शेपटावर जाऊ नका. वेव्ह ही नुसती पिशवी आहे. आत १६ बिटचा आवाज असेल, २४ बिटचा असेल किंवा ३२ बिट फ्लोटचा. तुमचा रेकॉर्डर ४४.१, ४८ आणि ९६ किलोहर्ट्झचे, १६ किंवा २४ बिटचे वेव्ह घेतो, एमपीथ्री ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झचे, ३२ ते ३२० केबीपीएसपर्यंतचे. याबाहेरचे काही दिले की तो ते नाकारतो. जुन्या प्रवचनांच्या एमपीथ्री फाइली पुष्कळदा २२.०५ किलोहर्ट्झच्या असतात. त्या संगणकावर झकास वाजतात आणि इथे अडतात. आणखी एक प्रकार सर्रास दिसतो: कोणीतरी एम४ए फाइलचे नाव बदलून शेपूट एमपीथ्री केलेले असते. नाव बदलल्याने आतला आवाज बदलत नाही.

आधी जागा तपासा. या रेकॉर्डरच्या कार्डवर ‘म्युझिक’ नावाचे फोल्डर असते. फाइली त्याच्या आत हव्यात. कार्डवर बाहेरच ठेवल्या तर यंत्राला त्या दिसत नाहीत. नावे देवनागरीत असतील तर इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत करून घ्या. देवनागरी नावाच्या जागी पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटतात आणि तीस फाइलींत भूप कुठला नि यमन कुठला हे कळेनासे होते. नावाच्या सुरुवातीला ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक द्या. नुसते १, २, ३ लिहिले तर बऱ्याच यंत्रांवर १ च्या मागोमाग १० येतो.

जागा बरोबर असूनही फाइल वाजत नसेल, तर अंदाजाने दहा कन्व्हर्टर लावून बघण्याऐवजी एक नमुना तयार करा. रेकॉर्डरवर स्वतःच दहा सेकंद काहीही ध्वनिमुद्रित करा. ती फाइल संगणकावर ‘मीडियाइन्फो’ या फुकट प्रोग्रामात उघडा आणि सॅम्पल रेट (किलोहर्ट्झचा आकडा), बिट डेप्थ (बिटचा आकडा), चॅनेल (मोनो की स्टिरिओ) हे तीन आकडे लिहून घ्या. आता हट्टी फाइल त्याच प्रोग्रामात उघडा. जो आकडा जुळत नाही, तोच तुमचा आजार.

दुरुस्ती ऑडॅसिटी या फुकट ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रामात करा. फाइल उघडून ‘फाइल’ मेनूतल्या ‘एक्सपोर्ट ऑडिओ’वर जा. फॉरमॅट ‘वेव्ह (मायक्रोसॉफ्ट)’, चॅनेल स्टिरिओ, सॅम्पल रेट ४४१००, एन्कोडिंग ‘साइन्ड १६ बिट पीसीएम’ असे निवडा. गाण्याच्या वर्गासाठी एवढे पुरते. या हिशेबाने मिनिटाला साधारण १०.६ एमबी जागा लागते, म्हणजे तासाला ६३५ एमबी. ३२ जीबीच्या कार्डवर चाळीस तासांहून जास्त मावेल. ४८ किलोहर्ट्झ २४ बिट निवडले तर तासाला १ जीबीच्या थोडे वर जाते आणि ऐकताना विद्यार्थ्यांना फरक कळत नाही. जास्तीच्या बिटचा उपयोग ध्वनिमुद्रण करताना आणि नंतर त्यावर काम करताना होतो.

सगळे आकडे जुळूनही २४ बिटची वेव्ह वाजत नसेल, तर संशय हेडरवर घ्या. फाइलच्या सुरुवातीचा जो छोटा भाग आत काय आहे ते सांगतो, त्याचा ‘एक्स्टेन्सिबल’ नावाचा एक लांब प्रकार आहे. एफएफएमपेग या फुकट रूपांतर-संचाच्या जोरावर चालणारे कन्व्हर्टर २४ बिटसाठी तोच लिहितात. संगणकाला त्याचे काही वाटत नाही. काही रेकॉर्डर मात्र ओळख पटत नाही म्हणून फाइल सोडून देतात. तीच फाइल ऑडॅसिटीतून वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा एक्सपोर्ट करा. तिथे यादीत ‘वेव्हएक्स’ असाही पर्याय दिसेल, तो घेऊ नका.

एमपीथ्रीच्या बाबतीत अडथळा बहुधा टॅगचा, म्हणजे फाइलीत जोडलेल्या गाण्याच्या माहितीचा असतो. मोठे मुखपृष्ठचित्र आत चिकटवलेल्या फाइलीवर जुनी यंत्रे गोंधळतात. असे चित्र काढून टाका आणि बिट रेट (केबीपीएसचा आकडा) ‘कॉन्स्टंट’ ठेवा.

प्रश्न : वडील मोबाइल वापरत नाहीत. नातवंडांचे व्हॉट्सअॅपवरचे आवाज त्यांना सोनीच्या आयसीडी-पीएक्स४७० रेकॉर्डरवर ऐकवायचे आहेत. शंभरच्या वर व्हॉइस नोट आहेत. एकेक कन्व्हर्ट करत बसायला वेळ नाही.
— नोकरदार, पिंपरी-चिंचवड

उत्तर : व्हॉइस नोट ‘ओपस’ या प्रकारात साठतात. २०१२ मध्ये प्रमाणित झालेला हा प्रकार बोलण्यासाठी उत्तम आहे, पण तुमचा रेकॉर्डर तो वाजवत नाही. तो एमपीथ्री, वेव्ह, डब्ल्यूएमए आणि एएसी वाजवतो. तेव्हा एमपीथ्री करा.

अँड्रॉइड फोन असेल तर व्हॉट्सअॅपच्या मीडिया फोल्डरात ‘व्हॉइस नोट्स’ असते आणि त्यात वर्ष व आठवड्याच्या क्रमांकाची उपफोल्डरे. फोन वायरने संगणकाला जोडून ती सगळी एका ठिकाणी उतरवून घ्या. नावातच ‘पीटीटी’नंतर तारीख असते, त्यामुळे नावानुसार लावले की आपोआप तारखेनुसार लागतात. नावे बदलू नका.

ऑडॅसिटीत ओपस उघडत नसेल तर एफएफएमपेगची लायब्ररी बसवावी लागेल. ती कुठे आहे हे ऑडॅसिटीच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘लायब्ररीज’खाली दाखवता येते. मग एक व्हॉइस नोट हाताने एमपीथ्री करा: मोनो, कॉन्स्टंट, ६४ केबीपीएस. ही पायरी गाळू नका, कारण पुढे येणारा मॅक्रो (आपोआप क्रमाने चालणाऱ्या आज्ञांची यादी) तुम्ही एमपीथ्रीसाठी शेवटची वापरलेली सेटिंगच उचलतो. ती आधी नीट केली नाही, तर शंभर फाइली चुकीच्या बिट रेटने तयार होतील.

आता ‘टूल्स’मधून ‘मॅक्रो मॅनेजर’ उघडा, नवा मॅक्रो करा आणि त्यात क्रमाने चार आज्ञा घाला: सगळे निवडणे, लाउडनेस नॉर्मलायझेशन, लिमिटर, एमपीथ्री म्हणून एक्सपोर्ट. लाउडनेस उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप) आणि आवाजाचे शेंडे रोखणारा लिमिटर उणे १ डेसिबल ठेवा. लाउडनेसची पायरी इथे फार कामाची. एक नातू फोन तोंडाला लावून ओरडतो, दुसरी नात खोलीच्या टोकाला कुजबुजते. तशाच ठेवल्या तर वडिलांचा हात सारखा आवाजाच्या बटणावर राहील. शेवटी ‘फाइल्स’ला लावा असे सांगून सगळ्या नोट एकदम निवडा. तयार एमपीथ्री ‘मॅक्रो-आउटपुट’ नावाच्या फोल्डरात पडतात. आधी तीन-चारच फाइली लावून निकाल ऐका, मग उरलेल्या.

६४ च्या वर जाण्यात अर्थ नाही. मूळ नोट त्याहून कितीतरी कमी बिट रेटची असते. जे मुळात नाही ते १२८ केल्याने येणार नाही. ६४ ने तासाला २९ एमबी लागते. रेकॉर्डरची अंगचीच मेमरी ४ जीबी आहे, कार्डाची गरजही पडायची नाही. फाइली ‘म्युझिक’ फोल्डरात एक उपफोल्डर करून टाका. यंत्राच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगच्या फोल्डरात बाहेरचे काही मिसळू नका.

प्रश्न : रेकॉर्डरवर तानपुऱ्याची दहा मिनिटांची एमपीथ्री फाइल पुन्हा पुन्हा वाजत राहील अशी लावतो. दर वेळी जोडावर क्षणभर आवाज तुटतो आणि सूर लावलेला असताना दचकायला होते. लेहऱ्याच्या (तालाचे आवर्तन दाखवत फिरणाऱ्या धुनेच्या) फाइलीत तर सम हलते.
— विद्यार्थी, मिरज

उत्तर : एमपीथ्रीत आवाज ११५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांत भरला जातो. ४४.१ किलोहर्ट्झला असा एक ठोकळा २६ मिलिसेकंदांचा. एन्कोडर सुरुवातीला थोडी शांतता घालतो आणि शेवटचा ठोकळा अर्धवट राहिला तर तोही शांततेने भरतो. त्यामुळे एमपीथ्रीचा लूप सहसा बिनजोड होत नाही. वेव्ह केलीत आणि दोन्ही टोकांची शांतता कापलीत तर ही फट जाते.

पण वेव्ह केल्यावरही बरेच रेकॉर्डर पुन्हा सुरुवातीवर जाताना क्षणभर थबकतात. तो यंत्राचा स्वभाव आहे, फाइलचा नाही. तानपुऱ्यासाठी खरा उपाय म्हणजे लांब फाइल. ऑडॅसिटीत प–सा–सा–सा अशी पूर्ण आवर्तने निवडा, निवडीची दोन्ही टोके ‘झेड’ की दाबून शून्यरेषेवर आणा, म्हणजे जोडावर टक् होणार नाही. मग ‘रिपीट’ने ती अर्धा तास होईल इतकी लांबवा. अर्ध्या तासाची ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिट स्टिरिओ वेव्ह ३१८ एमबीच्या आसपास होते. जागा कमी असेल तर अर्ध्या तासाची एमपीथ्रीही चालेल. एवढ्या रियाझात एकदा येणारी फट सोसण्यासारखी आहे.

लेहऱ्याला मात्र हिशेब काटेकोर हवा. मिनिटाला ६० मात्रांची लय असेल तर तीनतालाचे आवर्तन बरोबर १६ सेकंदांचे; ८० ची असेल तर १२ सेकंदांचे. ऑडॅसिटीच्या खालच्या पट्टीत निवडीची लांबी अशी हाताने टाइप करता येते. समेपासून समेपर्यंत नेमके तेवढे निवडा आणि रिपीट करा. कानाने कापलेल्या आवर्तनात दहा-वीस मिलिसेकंदांची चूक राहते आणि शंभर आवर्तनांत ती एक-दोन सेकंदांवर जाते. लेहरा माणसाने पेटीवर किंवा सारंगीवर वाजवलेला असेल तर लय थोडी हललेलीच असणार. तेव्हा आठ-दहा आवर्तनांचा मोठा तुकडा घ्या, एकट्या आवर्तनाचा लूप करू नका.

प्रश्न : बाहेरून कन्व्हर्ट करून आणलेले गाणे रेकॉर्डरवर खालच्या पट्टीत वाजते. काळी पाचमधले गाणे पेटीवर धरायला गेले तर कुठल्याच पट्टीत बसत नाही.
— भावगीत वर्ग, डोंबिवली

उत्तर : आधी रेकॉर्डरचा प्लेबॅक स्पीड १०० टक्क्यांवर आहे का ते बघा. सरावासाठी ९० केलेला स्पीड तसाच राहून गेलेला असू शकतो. अशा स्पीड कंट्रोलने सहसा पट्टी बदलत नाही, फक्त लय बदलते. पण ‘की’ हा वेगळा पर्याय असलेली यंत्रेही आहेत, तोही शून्यावर हवा.

ते ठीक असेल तर ४८ किलोहर्ट्झचा आवाज ४४.१ समजून वाजवला जातोय. अशा वेळी सगळे सुमारे ८ टक्के हळू होते आणि स्वर जवळजवळ दीड पट्टी खाली येतो. काळी पाचमधले गाणे मग पांढरी सहा आणि काळी चार यांच्या मध्ये लोंबकळते, म्हणून पेटीवर सापडत नाही. खात्री वेळेवरून होते: मुळात ६० मिनिटांची फाइल ६५ मिनिटे १८ सेकंदांची झालेली दिसेल.

इथे ‘चेंज पिच’ वापरू नका, त्याने आवाज खराब होतो. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावावर टिचकी मारून येणाऱ्या मेनूत ‘रेट’ आहे, तो ४८००० करा. लांबी लगेच मूळ पदावर येईल. मग ४४१०० निवडून एक्सपोर्ट करा. दोन्ही ठिकाणी आकडा दिसतो, पण कामे वेगळी आहेत: ट्रॅकचा रेट आवाज कसा वाचायचा ते सांगतो, एक्सपोर्टचा रेट तो नव्याने मोजून लिहितो.

झूम एच४एन वर पेटीचा ट्रॅक वाजवत त्यावर गाणे चढवायचा बेत असेल, तर त्याचा मल्टिट्रॅक मोड फक्त ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिटची वेव्हच घेतो. एमपीथ्रीही नाही आणि ४८ ही नाही.

प्रश्न : कीर्तन चालू असताना सेलची चार्जिंग संपली. कार्डवर ९०० एमबीची फाइल दिसते, पण लांबी शून्य आणि कुठल्याच प्लेअरमध्ये उघडत नाही. पुन्हा मिळणारे कीर्तन नाही हे.
— देवस्थानचे कार्यकर्ते, पंढरपूर तालुका

उत्तर : ९०० एमबी दिसतेय ही चांगली बातमी. आवाज कार्डवर आहे. वेव्हच्या हेडरमध्ये आवाजाची लांबी ध्वनिमुद्रण थांबवताना लिहिली जाते. सेल मध्येच गेल्याने तिथे शून्य राहिले. प्लेअर शून्य वाचतो आणि उघडायला नकार देतो.

पहिले काम, त्या कार्डवर आणखी काही ध्वनिमुद्रित करू नका. ती फाइल संगणकावर उतरवा आणि काम त्या प्रतीवर करा. मग नवे सेल घालून कार्ड एकदा रेकॉर्डरमध्ये लावून बघा. काही यंत्रे सुरू होताना अर्धवट फाइल स्वतःच नीट करतात. यंत्राने ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारले तर नाही म्हणा आणि बंद करा.

तसे झाले नाही तर ऑडॅसिटी. ‘फाइल’, ‘इम्पोर्ट’, ‘रॉ डेटा’. ही वाट हेडरकडे बघतच नाही. तुम्ही सांगाल तसे बाइट वाचते. म्हणून ध्वनिमुद्रण कोणत्या सेटिंगवर होते ते माहीत हवे. माहीत नसेल तर त्याच दिवशीची चांगली फाइल मीडियाइन्फोत बघा. समजा ४८ किलोहर्ट्झ २४ बिट स्टिरिओ होते. चौकटीत एन्कोडिंग ‘साइन्ड २४ बिट पीसीएम’, बाइट ऑर्डर ‘लिटल एन्डियन’, चॅनेल दोन, स्टार्ट ऑफसेट ४४, सॅम्पल रेट ४८००० असे भरा आणि इम्पोर्ट करा.

आता काय ऐकू येते त्यावर पुढचे ठरते. कीर्तन स्वच्छ आले तर सुरुवातीची टक् कापा आणि एक्सपोर्ट करा. ती टक् म्हणजे ४४ बाइटांहून मोठ्या हेडरचा उरलेला भाग. नुसता जोरदार खरखराट आला आणि ट्रॅकभर जाडजूड पट्टा दिसला तर बाइटांची जुळणी चुकली आहे. २४ बिटचा प्रत्येक नमुना तीन बाइटांचा असतो, म्हणून ऑफसेट ४५ आणि ४६ करून बघा. तिन्हींपैकी एकाला आवाज येतो. १६ बिट असेल तर ४४ आणि ४५ एवढे दोनच प्रयत्न. तिन्ही वेळा खरखराटच आला तर बिट डेप्थ चुकीची धरली आहे. आवाज येतोय पण बुवा घाईत आहेत किंवा पेंगुळलेले वाटतात, तर सॅम्पल रेट चुकला. डावे-उजवे उलटे झाले असेल तर ऑफसेट तीनने वाढवा.

हे करण्याआधी हेडफोन काढून ठेवा आणि स्पीकरचा आवाज अगदी कमी करा. चुकलेल्या जुळणीचा खरखराट पूर्ण ताकदीचा असतो.

९०० एमबी या सेटिंगने ५२ मिनिटांच्या आसपास भरते. कीर्तन दोन तासांचे होते आणि सेल तासाभराने गेला असेल, तर हिशेब जुळतो आणि जेवढे ध्वनिमुद्रित झाले त्यातले फारसे काही गमावलेले नाही. फाइल शून्य केबीची दिसली असती तर मात्र वाट वेगळी. तेव्हा मायक्रो एसडी कार्ड अॅडॉप्टरमध्ये घालून त्याची कडेची पट्टी ‘लॉक’कडे सरकवायची आणि ‘फोटोरेक’सारख्या प्रोग्रामने कार्ड खरवडायचे. नाव भलतेच असले तरी तो ध्वनिफाइलीही शोधतो. नावे जातात, कधी तुकडेही पडतात.

प्रश्न : रात्रभराच्या भारुडाचे ध्वनिमुद्रण चार तुकड्यांत झाले. जोडून एक वेव्ह करायला गेलो तर प्रोग्राम नकार देतो.
— लोककलेचे अभ्यासक, बीड

उत्तर : बरेच रेकॉर्डर २ जीबी झाले की पुढची फाइल आपोआप सुरू करतात. ४८ किलोहर्ट्झ २४ बिट स्टिरिओला हे दोन तास चार मिनिटांनी होते. जोडताना तुकडे क्रमाने ऑडॅसिटीत आणा आणि ‘अलाइन एंड टू एंड’ द्या. ओळीचा अर्धा शब्द एका फाइलीत आणि अर्धा दुसरीत असला तरी जोड बसतो.

नकार ४ जीबीच्या मर्यादेमुळे येतो. वेव्हच्या हेडरमध्ये लांबीसाठी ३२ बिटांचीच जागा आहे, आणि एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डवर एका फाइलची मर्यादाही तेवढीच. वरच्या सेटिंगने ती चार तास आठ मिनिटांवर संपते. संग्रहासाठी जोडलेली प्रत फ्लॅकमध्ये ठेवा. गुणवत्ता जशीच्या तशी राहते आणि जागा बरीच वाचते. मात्र फ्लॅक वाजवणारे रेकॉर्डर थोडे, तेव्हा त्यावर ऐकायला वेगळी एमपीथ्री काढा. मूळ चार तुकडे पुसू नका. जोडणी ही सोय आहे, मूळ ऐवज तेच तुकडे.

प्रश्न : वीसेक वर्षांपूर्वी सोनीच्या रेकॉर्डरवर घेतलेल्या मुलाखती डीव्हीएफ आणि एमएसव्ही फाइलींत आहेत. ऑडॅसिटी उघडत नाही.
— निवृत्त पत्रकार, कोल्हापूर

उत्तर : उघडणारही नाही. हे सोनीचे खाजगी प्रकार आहेत, एफएफएमपेगलाही ते वाचता येत नाहीत. त्या रेकॉर्डरबरोबर ‘डिजिटल व्हॉइस एडिटर’ नावाचा प्रोग्राम सीडीवर यायचा. सीडी जपून ठेवली असेल आणि कोणाकडे जुना विंडोज असलेला संगणक असेल, तर त्यात फाइली आणून वेव्ह म्हणून सेव्ह करता येतात.

सीडी नसेल पण रेकॉर्डर चालू असेल तर तारेने उतरवा. जुन्या यंत्राचा इअरफोन जॅक साडेतीन मिलिमीटरच्या तारेने नव्या रेकॉर्डरच्या लाइन इनला जोडा. नव्यावर ‘प्लग-इन पॉवर’ (माइकला वीज पुरवणारी सोय) बंद करा. जुन्याचा आवाज मध्यम ठेवा आणि नव्याची पातळी अशी लावा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. वेळ मुलाखतीइतकाच लागतो. जुना जॅक मोनो असेल तर आवाज एकाच बाजूला येईल. नंतर ऑडॅसिटीत स्टिरिओचे दोन भाग करून मुकी बाजू पुसून टाका. ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिट मोनोला तासाला ३१८ एमबी पुरतात.

ऑलिम्पस किंवा फिलिप्सच्या डिक्टेशन यंत्रातल्या डीएसएस फाइलींचे थोडे बरे आहे. साध्या डीएसएस फाइली एफएफएमपेगचे नवे अवतार वाचू शकतात. डीएस२ त्याला वाचता येत नाही. त्याला मूळ कंपनीचाच प्रोग्राम लागतो.

प्रश्न : सोसायटीच्या सभेचे रेकॉर्डिंग वकिलांना द्यायचे आहे. फाइल फार मोठी आहे, एमपीथ्री करून दिली तर चालेल?
— सचिव, ठाणे

उत्तर : ऐकायला एमपीथ्री द्या, पण कार्ड आणि मूळ फाइल हात न लावता बाजूला ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्याच्या नमुन्यात फाइलचा हॅश (आतल्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण) लिहायचा असतो. कन्व्हर्ट केलेल्या फाइलचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. नुसते नाव बदलले किंवा कॉपी केली तर हॅश तोच राहतो. ऑडॅसिटीत उघडून काही न करता एक्सपोर्ट केली तरी तो बदलू शकतो. पुढचे वकिलांना विचारून करा.

प्रश्न : मॅकवरून कार्डवर दहा गाणी टाकली, रेकॉर्डर वीस दाखवतो. त्यातली निम्मी वाजत नाहीत.
— वाचक, मडगाव

उत्तर : मॅक प्रत्येक फाइलीबरोबर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक छोटी सोबतीण फाइल कार्डवर लिहितो. तिच्यात आवाज नसतो, पण शेपूट तेच असल्याने रेकॉर्डर तिला गाणे समजतो. टर्मिनलमध्ये ‘डॉट क्लीन’ (dot_clean -m) ही आज्ञा कार्डवर चालवली की त्या निघून जातात. किंवा कार्ड विंडोज संगणकाला लावा, लपलेल्या फाइली दाखवायला सांगा आणि चार केबीच्या आसपासच्या त्या सगळ्या पुसा. पुढच्या वेळी कार्ड काढण्याआधीच ही सफाई करा.

प्रश्न : झूमच्या नव्या एच१ एसेन्शियलवरची फाइल आमच्या जुन्या रेकॉर्डरवर वाजत नाही, आणि संगणकावर आवाज फाटलेला दिसतो.
— नाट्यसंस्था, नागपूर

उत्तर : ते यंत्र फक्त ३२ बिट फ्लोटमध्ये लिहिते, जुन्या रेकॉर्डरला ते कळत नाही. फाटलेला दिसणारा भाग खरोखर फाटलेला असेलच असे नाही, कारण फ्लोटमध्ये शून्य डेसिबलच्या (एरवीच्या कमाल पातळीच्या) वरचा आवाजही साठतो. ऑडॅसिटीत उघडा, कन्व्हर्ट करण्याआधी ‘नॉर्मलाइझ’ने सर्वोच्च पातळी उणे १ डेसिबलवर आणा, मग १६ किंवा २४ बिट वेव्ह म्हणून एक्सपोर्ट करा. क्रम उलटा केला, म्हणजे आधी १६ बिट करून मग आवाज कमी केला, तर शून्याच्या वरचे शेंडे कायमचे छाटले जातात. नॉर्मलाइझ करूनही लाटेचे माथे सपाटच राहिले तर माइकच्याच पातळीवर आवाज फाटला होता. त्या वेळी माइक ताशासारख्या मोठ्या आवाजापासून लांब न्यायला हवा होता. फाइलीत आता काही करता येणार नाही.